मेल्चोर, येऊ का?

पक्ष्याचा फोटो काढायचा तर इथे माणूस बसलाय हे आधी पक्ष्याला विसरायला लावावं लागतं. मला ते फारसं जड गेलं नाही. आमच्या गावाने मला विसरायची सवय अकरा वर्षांपूर्वीच लावून घेतली होती.

मी डोमितिला पिमिंचुमो, वय अठ्ठावन्न. बत्तीस वर्षं मी आमच्या किनाऱ्यावर फोटो काढायचा धंदा केला. डोंगरातली, राजधानीतली माणसं समुद्र बघायला यायची, लव्हाळ्याच्या घोड्यावर मांड टाकायची, हातात वल्हं धरून जन्मजात कोळी असल्याचा आव आणायची आणि मी म्हणायची, "पोट आत घ्या साहेब, समुद्र कुठे पळून जात नाही." मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि माझा धंदा बसला. कॅमेरा मात्र मी विकला नाही. तो गळ्यात नसला की मला कपडे घालायचे राहिल्यासारखं वाटतं.

लव्हाळ्याचा घोडा म्हणजे आमच्या कोळ्यांची होडी. तिच्यावर पाय खाली सोडून बसायचं आणि लाटांवरून हाकायची. महिन्याभरात घोडा पाणी पिऊन जड होतो, मग नवा बांधावा लागतो. म्हणून तर गावाच्या उत्तरेला वाळूच्या टेकाडामागे आमची लव्हाळ्याची खाचरं आहेत, गोडं पाणी लागेपर्यंत खणलेली, एकेका घराचं एकेक. सरकारने आता ती सगळी पाणथळ राखीव केली आहे. फाटकाशी पाटी लावली, फळ्यांची वाट बांधली, एक रक्षक नेमली. पण आतला कायदा आमचाच चालतो. दुसऱ्याच्या खाचरात न विचारता पाय टाकायचा नाही. बांधावर उभं राहायचं, मालकाच्या नावाने हाक मारायची, "येऊ का?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. ज्याचं खाचर आहे त्याला गावच्या सभेत मत. ज्याचं नाही त्याने किनाऱ्यावर मासे निवडावेत आणि सभेत काय ठरलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं.

माझं खाचर मला बापाने दिलं. त्याचं नाव मेल्चोर. त्याला मुलगा नव्हता. मरायच्या आदल्या दिवशी त्याने आबेलार्दोकाकांना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर माझ्या हातात विळा ठेवला. आबेलार्दोकाका आमच्या सभेचे प्रमुख. "पुढच्या सभेत वहीतलं नाव बदलून टाकू, पोरी," ते म्हणाले. ती पुढची सभा अकरा वर्षं झाली, येतेच आहे. तोवर मी दर वर्षी लव्हाळी कापली, पाट उपसायच्या दिवशी बाप्यांच्या बरोबरीने कंबरभर चिखलात उभी राहिले आणि लोक माझ्याच बांधावर येऊन हाक मारत राहिले, "मेल्चोर, येऊ का?" मेलेल्या माणसाला! मी चार हातांवर विळा घेऊन उभी असायची. मीच "या" म्हणायची. पहिली काही वर्षं हसून म्हटलं, मग नुसतंच म्हटलं.

तर गेल्या सप्टेंबरात मी खाचराचा पुढचा पट्टा कापायला उतरले आणि तिसऱ्याच पेंढीला हात थांबला. समोरच्या काडीवर सातरंगी बसला होता.

सातरंगी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. पोट पिवळंजर्द, पाठ हिरवी, गाल काळेनिळे, शेपटीखाली नारिंगी आणि टाळूवर एक लाल रेघ, ती तो चिडला तरच दाखवतो. घरटं बांधतो एकाच काडीला. चार काड्यांचा आधार घेणं त्याच्या स्वभावात नाही. भिजलेल्या लव्हाळ्याचे बारीक तुकडे चोचीने थापत थापत खाली निमुळता आणि वर उघडा कोन तयार करतो, आणि तो वाळला की पुठ्ठ्यासारखा टणक होतो. या महाशयांनी नुकती सुरुवात केली होती. काडीला जेमतेम अंगठीएवढा लेप लागला होता. बाप म्हणायचा, सातरंगीची काडी जो कापेल त्याचा घोडा त्याला भर समुद्रात पाडेल. मी घोड्यावर बसत नाही, पण बापाचं ऐकायची सवय आहे. विळा कमरेला लावला आणि पुढचा पट्टा तसाच सोडला.

फाटकावर येसेनियाला सांगितलं. येसेनिया म्हणजे ती रक्षक, त्रुहियो शहरातली पोर, पायात सदा हिरवे गमबूट. ती टुणकन उठलीच.

"मावशी, पहिल्या लेपापासून पिल्लं उडेपर्यंतचे सगळे फोटो आपल्या पाणथळीत आजवर कुणी काढले नाहीत!"

"मग ते मोठ्या नळकांड्यांचे कॅमेरे घेऊन येतात ते काय करतात?"

"फळ्यांवरून दोन तास बघतात, एक बगळा टिपतात आणि जेवायला जातात. त्यांना खाचरात उतरता येत नाही ना. तुम्हाला येतं. खाचर तुमचं आहे."

खाचर तुमचं आहे. इतक्या सरळपणे हे मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि तेही परगावची पोर. त्या एका वाक्यावर मी पुढचे दीड महिने पाण्यात बसले, हे कबूल करते.

छोटासा घोडा बांधला, त्याच्या भोवती ताजी लव्हाळी उभी खोचली आणि मध्ये माशांची पाटी उपडी घालून बसायची जागा केली. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी. दर गुरुवारी आणि रविवारी, धुकं खाली उतरलेलं असतानाच मागच्या टेकाडाकडून आत शिरायचं आणि दर वेळी हातभर पुढे सरकायचं. पण पहिले आठ दिवस फजिती झाली. मी शांत, श्वासही मोजून घेतलेला, आणि कॅमेऱ्याचा खटका पडला की पक्षी पसार. किनाऱ्यावर माणसं खटका ऐकून हसतात. इथे मी कपाळावर हात मारून घ्यायची.

मग लक्षात आलं की शांतताच चुकीची आहे. ह्या पक्ष्यांच्या सात पिढ्या विळ्याच्या आवाजात वाढल्या आहेत. पलीकडच्या खाचरात दिवसभर कापणी चालते, तेव्हा ते मान वळवूनसुद्धा बघत नाहीत. दबा धरून गप्प बसलेलं जनावर म्हणजे त्यांच्या लेखी साप नाहीतर मांजर. तेव्हा मी डाव्या हातात विळा घेतला आणि उजवा हात खटक्यावर ठेवला. खर्र करून एक काडी कापायची आणि त्याच क्षणी खटका दाबायचा. महाशय बसून! माझ्याकडे बघितलं, कापणारीण आहे म्हणाला असेल, आणि परत लेप थापायला लागला. मला इतका आनंद झाला की पाटीवरून घसरून पाण्यात पडायची बाकी होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घरट्यात दोन अंडी होती आणि मादी नुकती येऊन बसली होती. तेवढ्यात बांधावरून हाक आली, "मेल्चोर, येऊ का?"

आवाज माझ्या चुलतभावाचा, कासिमिरोचा. त्याचं खाचर माझ्या शेजारी, समुद्राच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी खारं पाणी आत शिरलं आणि त्याची लव्हाळी गुडघ्याच्या वर वाढेनात. घोडे बांधण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही, पण लव्हाळीच नसतील तर बांधणार कशाचे? मला कळत होतं सगळं. त्याने नुसतं येऊन म्हटलं असतं, "डोमी, यंदा दहा पेंढ्या दे," तर मी वीस दिल्या असत्या. मागायला त्याची जीभ रेटत नव्हती. त्या दिवशी मला वाटलं, बांधायला चार काड्या हव्या असतील. बाबा घरी नाहीत, मी मनात म्हटलं, आणि मादीकडे लक्ष दिलं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच हाक, तीच वेळ. त्या दिवशी अंडी फुटत होती. अर्धं कवच चोचीत धरून नर उडाला तो फोटो मला हवा होता, आणि तो मला मिळाला. हाकेकडे मी कान दिला नाही.

तिसऱ्या रविवारी पिल्लांना पिसं आली होती. दोघं घरट्यात मावत नव्हती, एकाची मान बाहेर, दुसऱ्याचं ढुंगण. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. नर चोचीत चतुर घेऊन आला आणि घरट्याच्या कडेला टेकला. टाळूवरची लाल रेघ मी एकदाही टिपली नव्हती. आता दाखव रे बाबा, मी मनात विनवत होते. आणि बांधावरून हाक आली, "मेल्चोर! येऊ का?" नर दचकला, चिडला, रेघ लाल निखाऱ्यासारखी उभी राहिली. मी काडी कापली, खटका दाबला. त्याच क्षणी लव्हाळ्यांच्या फटीतून मला बांधावर एक नाही, तीन टोप्या दिसल्या.

तीन रविवार. दोन साक्षीदार. आमचा जुना कायदा आहे हा, आजोबांच्याही आधीचा. खाचराच्या बांधावरून साक्षीदारांसमोर तीन रविवार मालकाला हाक मारायची. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तर खाचर बेवारस, आणि सभेने ते हाक मारणाऱ्याला द्यायचं. तो शेवटचा वापरला गेला तेव्हा मी शाळेत होते.

नुसतं "ओ" म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण येसेनियाने बजावलं होतं की अर्धी पिसं फुटलेली पिल्लं दचकली की घरट्याबाहेर उडी मारतात, आणि खाली पाणी. माझ्या हातभर अंतरावर दोन जीव होते आणि माझा आवाज बत्तीस वर्षं लाटांवरून ओरडून कमावलेला. मी तोंड मिटलं. आणि खरं सांगायचं तर नुसती दयाच नव्हती, रागही होता. माझं नाव घेतलं असतं तर कदाचित माझ्याही नकळत ओ निसटली असती. त्याने मेलेल्या माणसाला हाक मारली. मेलेल्या माणसाने उत्तर द्यावं!

दोन तासांनी ओली चिंब बाहेर आले तोवर गावभर झालं होतं. मी तशीच आबेलार्दोकाकांच्या दारात गेले. ते जाळं विणत बसले होते.

"काका, मी आत होते. तिन्ही वेळा."

"तू म्हणतेस."

"खोटं बोलते का मी?"

"खोटं बोलतेस असं मी म्हटलं का? पण नेमेसिओ आणि तोरिबिओ साक्षीला होते. तिघांनी हाक मारली, ओ आली नाही, बांधावरून बघावं तर पुढचा पट्टा पिवळा पडलेला. येत्या रविवारी सभा. आत होतीस तर दाखवून दे."

"चला मग, दाखवते. कापलेला मागचा पट्टा दाखवते."

काका उठायला लागले आणि मलाच पिल्लं आठवली. "नको. आता नको. दहा माणसं आत शिरली तर पिल्लं मरतील."

काका परत खाली बसले. "पोरी, पक्ष्यांपायी खाचर घालवशील," ते म्हणाले, आणि परत जाळ्यात मान घातली. मला रडू आलं ते मी घरी जाईपर्यंत दाबून ठेवलं. अकरा वर्षं चिखल उपसला आणि शेवटी किनाऱ्यावर मासे निवडत बसायचं! कासिमिरो रस्त्यात भेटला तेव्हा त्याने टोपी पुढे ओढली. तेवढी लाज होती त्याला.

त्या आठवड्यात मी रोज पहाटे आत जाऊन बसले आणि बुधवारी सकाळी पिल्लं उडाली. पहिलं सरळ गेलं, दुसरं माझ्या विळ्यावर येऊन बसलं. विळ्यावर! डावा हात न हलवता मी तो फोटो काढला आणि तो नीट आला. गुरुवारी पहिल्या बसने त्रुहियोला गेले आणि फोटोच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं.

"निवडून काढू का सगळे?" काउंटरवरच्या पोरीने विचारलं.

"निवडलेले तेवीस आहेत बघ."

ती पडद्यावर एकेक सरकवत गेली. "अय्या, काय गोड आहे... हा कसला सुंदर... आणि हा बिघडलाय, हा काढून टाकते."

"बघू."

तिसऱ्या रविवारचा फोटो होता तो. लाल रेघेचा, कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर मला नीट वाटलेला. पण कॅमेऱ्याने पक्षी सोडून भलतंच धरलं होतं. पुढे पक्ष्याचा नुसता पिवळा-लाल डाग, आणि त्याच्यामागे लव्हाळ्यांच्या फटीत, बांधावरच्या वाकड्या झुडपाशी, धुतल्यासारखा स्वच्छ, माझा चुलतभाऊ कासिमिरो. गवती टोपी, तोंडाशी तळहाताचा पेला, जबडा एवढा उघडा की सोन्याचा दात मोजून घ्यावा. डाव्या हाताला नेमेसिओ जांभई देतोय. उजव्या हाताला तोरिबिओ काडीने दात कोरतोय. आणि खाली कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ, सात वाजून बावीस मिनिटं. किनाऱ्यावर पाहुण्यांना फोटोवर तारीख लागायची, म्हणून ते आकडे मी कधी बंदच केले नव्हते.

मी दुकानात एवढ्या मोठ्याने हसले की मागच्या रांगेतला म्हातारा दचकला.

"हा काढून टाकायचा नाही, बाळ," मी म्हटलं. "हा तुझ्याकडे सगळ्यात मोठा कागद असेल त्याच्यावर काढ."

परतीच्या बसमध्ये मी ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते आणि सबंध रस्ताभर गाणं म्हणत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, लॉटरी लागली का?" म्हटलं, अजून नाही, रविवारी लागेल.

सभा मासळीच्या शेडमध्ये भरते, दुपारी होड्या परतल्यावर. खाचरवाले बाकांवर, बाकीचे बाहेर. बायका दारात उभ्या. त्यांना मत नाही, पण तोंड आहे. मी माझ्या जागेवर बसले नाही. दोन खांबांना मासेमारीची दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून एकेक फोटो टांगत गेले. काडीवरचा पहिला लेप. अर्धा कोन. दोन अंडी. कवच घेऊन उडालेला नर. आ वासलेली पिल्लं. विळ्यावर बसलेलं पिल्लू. बाकांवरची माणसं माना पुढे काढून बघत होती. ज्या माणसांनी जन्मभर लव्हाळी कापली त्यांनी हे एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तोरिबिओ तर उठून अगदी नाक लावायला आला.

"हे घरटं आपण कितीदा कापलं असेल रे," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

"ह्या सगळ्यावर तारखा आहेत, काका," मी म्हटलं. "तीन रविवारही आहेत. मी आत होते."

कासिमिरो उभा राहिला. वाईट माणूस नाही तो, पण एकदा बोललं की माघार घेणं त्याच्या रक्तात नाही. आमच्या कुणाच्याच रक्तात नाही.

"फोटो छान आहेत," तो म्हणाला. "डोमीचा हात चांगला आहे, कोण नाही म्हणतो? पण लव्हाळी सगळीकडची सारखीच दिसतात. हे कुणाचंही खाचर असू शकतं. तारीख काय, कॅमेऱ्यात घालावी तशी निघते."

"खरं आहे," नेमेसिओ म्हणाला.

"पक्षी काय बोलणार आहे थोडाच की मी मेल्चोरच्या खाचरातला म्हणून?" कासिमिरोला चेव चढला. "तिघांनी तीन रविवार घसा फोडला. आत कुणी असतं तर आम्हाला दिसलं नसतं?"

"तुम्हाला मी दिसले नाही," मी म्हटलं. "मला तुम्ही दिसलात."

आणि मी गुंडाळी सोडली. कागद माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत होता. दोन्ही हातांनी उंच धरला.

मग दारातून माझी मैत्रीण क्रिसान्ता किंचाळली, "अगं बाई, हा तर कासिमिरो! दात बघा, दात!" आणि शेड फुटलं. माणसं बाकांवर चढली. कुणी मांड्या बडवल्या, कुणी नेमेसिओची जांभई त्याच्याच तोंडासमोर करून दाखवली. "साक्षीदार बघा, झोपेत साक्ष देतोय!" "तोरिबिओ, दातात काय अडकलं होतं रे, खेकडा?" तोरिबिओ स्वतःच पोट धरून हसत होता. नेमेसिओचे कान लाल. कासिमिरो मात्र फोटोकडे बघत उभा होता, आणि फोटोतला कासिमिरो त्याच्याकडे बघून ओरडत होता.

आबेलार्दोकाकांनी चष्मा पुसला, लावला, कागदाजवळ आले. बांधावरचं वाकडं झुडूप त्यांनी बोटाने दाखवलं. त्या झुडपाखाली माझ्या बापाने त्यांच्याबरोबर शंभरदा मक्याच्या दारूचा, चिचाचा वाडगा संपवला होता. "मेल्चोरचं झुडूप," ते हळूच म्हणाले. मग खालचे आकडे मोठ्याने वाचले, "सात बावीस." ते वळले. "कासिमिरो, कुठून काढलाय रे हा फोटो?"

कासिमिरो पुटपुटला, "आतून."

"मोठ्याने."

"आतून, काका. खाचरातून." आणि मग तो माझ्याकडे वळला. आता त्याच्या आवाजात खरीच तक्रार होती. "पण मग ओ का नाही दिलीस, डोमी? एक शब्द बोलली असतीस तर मी टोपी काढून घरी गेलो असतो!"

ह्या प्रश्नाची मी अकरा वर्षं वाट बघत होते, हे मला तो कानावर पडल्यावर कळलं.

"तू मला हाक मारलीसच कुठे?" मी म्हटलं. "तू बाबाला हाक मारलीस. तीन रविवार मारलीस. बाबा वर टेकडीवर पुरलाय, तू स्वतः खांदा दिलास. मी कशी ओ देणार? त्या खाचरात मी विळा चालवते. पाट मी उपसते. ती लव्हाळी वाहून माझ्या पाठीला बाक आलाय. अकरा वर्षांत ह्या शेडमधल्या एकानेही माझ्या बांधावर माझं नाव घेतलेलं नाही. एकानेही नाही! पक्षीसुद्धा मला ओळखायला लागले, काका. तुम्हाला जमत नाही?"

मग क्रिसान्ता म्हणाली, "बोला आता, दातखीळ बसली का?"

आबेलार्दोकाका टेबलाकडे गेले आणि त्यांनी जाड वही उघडली. कायद्याचं पान त्यांनी बोट फिरवत वाचलं, जरी त्यांना ते पाठ होतं. "मालकाच्या नावाने हाक मारावी, असं लिहिलंय," ते म्हणाले. "मालकाच्या नावाने. तिन्ही हाका चुकीच्या नावाने गेल्या, म्हणजे हाका झाल्याच नाहीत." मग म्हणाले, "आणि चुकीचं नाव ह्या वहीत कुणी ठेवलं ते मला माहीत आहे. म्हातारा झालो, पण एवढा नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. ते उमटेना. दुसरं मागितलं, तेही उमटेना. शेवटी दारातून येसेनियाने गमबूट वाजवत येऊन आपलं पेन दिलं. मेल्चोर पिमिंचुमो ह्या नावावर काकांनी एक सरळ रेघ मारली, हलक्या हाताने. तिच्याखाली एकेक अक्षर लावत लिहिलं, डोमितिला पिमिंचुमो.

"कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं. "नसेल तर हात वर."

हात वर गेले. तोरिबिओचा पहिला, नेमेसिओचा त्याच्या मागे. दारातल्या बायकांनीही दोन्ही दोन्ही हात वर केले, मत नसताना, आणि काकांनी ते मोजले नाहीत पण खालीही करायला सांगितले नाहीत. सगळ्यात शेवटी कासिमिरोचा गेला. खांद्यापर्यंतच, पण गेला. मी फोटो खाली ठेवला आणि मग मात्र रडले, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून. मला लाज वाटली नाही. समुद्रावरून पहिल्यांदा एकटा घोडा हाकून परतलेल्या पोराला जे वाटत असेल ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी वाटलं.

येसेनियाने ते तेवीस फोटो फाटकाजवळच्या खोलीत लावले. खाली तिने टाइप केलं, "फोटो: डोमितिला पिमिंचुमो, स्वतःच्या खाचरात." नळकांडीवाले आता बगळ्याआधी तिथे थांबतात. विळ्याची युक्ती ते मला विचारतात, आणि मी सांगते, पण विळा धरता यायला हवा ना! सगळ्यांना आवडतो तो बिघडलेला फोटो. आबेलार्दोकाकांना त्याची एक प्रत हवी होती, झुडपासाठी.

सभेनंतरच्या रविवारी मी पुढचा पट्टा कापत होते. घरट्याची काडी तेवढी उभी ठेवली होती. धुकं विरलं होतं, सातरंगीची जोडी पलीकडे चतुर पकडत होती. बांधावर पावलं वाजली आणि थांबली. लव्हाळ्यांच्या फटीतून बघितलं. कासिमिरो एकटाच आला होता. टोपी हातात, बगलेत पेंढ्या बांधायची दोरी. त्याने घसा खाकरला.

"डोमितिला," तो म्हणाला. "येऊ का?"

काय गोड वाटलं ते! माझं नाव, माझ्या बांधावर, ह्या माणसाच्या तोंडून. मी विळा थांबवला आणि गप्प राहिले.

"डोमितिला! येऊ का?"

लव्हाळ्यांत मी तोंडावर हात दाबून उभी. पक्षी मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता.

"डोमितिला पिमिंचुमो!" आता तो चांगलाच मोठ्याने ओरडला, तळहाताचा पेला करून, अगदी फोटोतल्यासारखा. "दहा पेंढ्या हव्या होत्या गं! येऊ का?"

"ये," मी म्हटलं. "वीस ने."